ईस्टरची पहिली हाक

दोन वर्षांपूर्वी ईस्टरच्या आधी मला एक फोन करायचा होता, तो मी मुद्दाम केला नाही. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि फोन तिच्याच भावाला करायचा होता.

यवतमाळच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत एक रीत आहे. ईस्टरच्या पहाटे सगळे कबरस्तानात जमतात. ज्या घरचं माणूस त्या वर्षी गेलं, त्या घरच्यानं कबरीपाशी उभं राहून पहिली हाक द्यायची, ‘प्रभू उठला आहे.’ मग बाकीच्यांनी म्हणायचं, ‘खरोखर उठला आहे.’ मरण हा शेवट नाही, हे म्हणणं ज्याला त्या वर्षी सगळ्यात जड जाईल, त्याच्याच तोंडून ते आधी यावं.

माझे वडील गेले त्या वर्षी हाक माझी होती. दिली मी. शब्द चुकला नाही. परतताना एक म्हातारी हसून म्हणाली, “मास्तर, तुमी तं हजेरी घेतल्यावानी बोलले.” मीही हसलो. पण ती खरं बोलली होती. वडिलांच्या कबरीकडे बघत ते वाक्य म्हणताना माझ्या आत काहीच हललं नव्हतं.

मग सासूबाई गेल्या, आणि त्या वर्षीची हाक माझ्या साळ्याची होती. साळा बाभुळगावात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो, दहावी नापास. मी मंडळीचा पंच, दर रविवारी वचन वाचणारा. पण मातीच्या दिवशी लोक त्याला धीर द्यायला गेले आणि धीर घेऊन परतले. आईबद्दल तो असं बोलायचा, जणू ती घाटंजीला लग्नाला पुढे गेली आहे आणि ह्याला मागची गाडी पकडायची आहे. रडायचाही, अगदी मोकळा. मला त्याचा हेवा वाटायचा. इतकी वर्षं मी ज्या दारावर थापा मारत होतो, त्यातून हा माणूस चपला न काढता ये-जा करत होता.

शुभ शुक्रवारची उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सांगितलं, त्यांना दुसऱ्या गावीही जायचं आहे, तेव्हा ईस्टरची वेळ साडेपाचऐवजी पाच. साळा तोवर निघून गेला होता. बाहेरगावच्यांना कळवायचं काम माझ्याकडे. बाकी सगळ्यांना कळवलं. त्याचं नाव आलं तेव्हा फोन खिशात टाकला. शनिवारी बायकोनं विचारलं, दादाला सांगितलं ना? हो म्हटलं.

पाच वाजता अंधारातच सगळे सासूबाईंच्या कबरीभोवती उभे राहिले. दहा मिनिटं वाट पाहिली. मग पाळकसाहेब म्हणाले, जावई म्हणजे मुलासारखाच, तुम्हीच द्या. मी दिली. ह्या खेपेला आवाज भरून आला. ती लाज होती. लोकांना श्रद्धा वाटली.

साडेपाचच्या सुमारास, लोक मेणबत्त्या लावत असताना, तो झेंडूचा हार घेऊन आला. वेळ शुक्रवारीच बदलली होती आणि हाक होऊन गेली, हे त्याला कोणीतरी सांगितलं. बायकोनं त्याला झापलं.

“काहून रे दादा? आज तरी येळेवर याचं होतं.”

मी खाली पाहत होतो. तो म्हणाला, “भाऊजीनं शुक्रवारीच सांगतलं असन. माह्याच ध्यानात नाही राह्यलं.”

मग तो कबरीपाशी उकिडवा बसला, हार ठेवला आणि समोर कोणी बसलं असावं तशा हळू आवाजात म्हणाला, “आई, प्रभू उठला आहे.” जवळ उभे असलेल्यांनी उत्तर दिलं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणीही मला त्याचा हेवाच वाटला. हाक मी घेतली होती, आणि तरी सण त्याच्याकडेच गेला होता.

त्याला उशीर झाला असंच मंडळीत अजून म्हणतात. तोही तसंच सांगतो, हसत, स्वतःच्या नावावर घेऊन. पहिली हाक त्याची होती आणि ती मी जाणूनबुजून घेतली, हे मला त्याला त्याच्या बहिणीसमोर सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.