कांद्याखालच्या पेट्या

आमच्या गल्लीत किस्से शोधायला जावं लागत नाही. पिठासारखे उडत येतात, अंगावर बसतात, झटकले तरी थोडे राहतातच. हा तर गिरणीतच बसला. पुढं दोघी बोलत होत्या, "कांताबाईचा प्रशांत समुद्रात दारूच्या बोटीवर धरला म्हणं. त्या धंद्याचा मालकच..." इतक्यात गिरणीवाल्यानं पट्टा सुरू केला. पुढचं ऐकू आलं नाही. ज्वारीचा डबा तिथंच सोडून मी कांताबाईचं दार गाठलं. शेजारीण आहे, जावं लागतं.

*

कांताबाई म्हणजे आमच्या गावात बायका गोळा करून मतदानात बाटली आडवी करणारी. दारूचं दुकान बंद पडलं ते तिच्यामुळंच. आता त्या दुकानाचा मालक तिच्या दारासमोरून मोटारसायकल मुद्दाम हळू न्यायचा. एकदा थांबून म्हणाला, "मावशी, आमची बाटली आडवी केली. पोराची उभीच की!" ती लुगडं पिळत होती. पिळतच राहिली. लुगडं फाटलं.

*

खरं काय ते जिंतूरच्या एका वकिलानं फोन लावून काढलं. प्रशांत मालदीवला कांदे-बटाटे नेणाऱ्या बोटीवर स्वयंपाकी. त्या देशात दारूला बंदी. आपल्या आणि त्यांच्या सरकारनं एकमेकांना खबर द्यायचं ठरवलेलं, तशी खबर गेली आणि बोट तिथं अडवली. सगळे कोठडीत.

आपल्याच माणसांनी आपल्याच पोराची खबर द्यायची, हे मला पटेना. आमचे हे म्हणाले, "शेताच्या धुऱ्याला धुरा लागला की दोघांनी मिळूनच राखण करावी लागती."

मला वाटलं, कांताबाई चिडेल. ती म्हणाली, "बरं केलं. तिथंबी दारूनं पोळलेल्या बायका असतीलच की."

*

मग आपल्या वकिलातीतल्या साहेबाचा फोन आला. भला माणूस. म्हणाला, पोराला यातलं काही माहीत नव्हतं, असं आईनं लिहून दिलं तर तिकडच्या अधिकाऱ्यांशी बोलायला सोपं जाईल. आम्ही चार बायका तिच्याभोवती बसलेल्या. मी पेनसुद्धा आणून ठेवला.

"मी काय बोटीवर होते?" कांताबाई म्हणाली. "त्याला ठावं होतं का न्हाई, मी कसं लिहू?"

मी लय समजावलं. पोरगं परदेशात कोठडीत आणि ही खऱ्याखोट्याचा हिशोब करायलीय! शेवटी रागानं पेन उचलून घरी आले. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. तिच्या घरातून भांड्यांचा आवाजही येईना.

*

प्रशांत आला तो बराच वाळून. तिकडं त्यानं साक्ष दिली, म्हणून दोन्ही सरकारांनी बोलून त्याला परत पाठवलं. मला राहवेना. भाजीची वाटी घेऊन गेले आणि चुलीपाशीच बसले.

ताटावर बसलेल्या प्रशांतनं सांगितलं, मालक तो नव्हताच. बोट दुसऱ्याची, दारू तिसऱ्याची. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, गिरणीवर जाऊन सांगते एकेकीला.

कांताबाईनं तव्यावरची भाकर उलटली. त्याच्याकडं न बघताच विचारलं, "ठावं होतं का तुला?"

त्यानं हातातला तुकडा ताटात ठेवला.

"पहिल्या फेरीला न्हवतं," तो म्हणाला. "दुसऱ्या फेरीला होतं. कांद्याखाली पेट्या होत्या. बोट धरल्यावर मीच दाखवल्या."

मी वाटी हातात घेऊन तशीच बसले.

कांताबाई म्हणाली, "लिहून दिलं न्हाई ते बरं झालं." आणि तव्यावरची भाकर काढून त्याच्या ताटात टाकली.