नळाकडे पाठ

त्या बाईंना बालवाडीतली पोरं 'गप्पबाई' म्हणायची, आणि त्यात पोरांचं काही चुकत नव्हतं. गप्प बसणं हाच बाईंचा पेशा. विद्यापीठाच्या एका अभ्यासासाठी त्या वर्षानुवर्षं बालवाड्या फिरत होत्या. कोपऱ्यातल्या वीतभर खुर्चीवर बसायचं आणि शिक्षिका कुणाशी काय बोलली, पोरानं उत्तर दिलं की नुसती मान हलवली, याच्या खुणा करत राहायचं. हसायचं नाही, बोलायचं नाही, मध्ये पडायचं नाही. एकदा एका पोरानं त्यांच्या बाहीला यथासांग नाक पुसलं, तरी बाई हलल्या नाहीत. दुसऱ्यानं त्यांचा कान ओढून बघितला आणि वर्गाला ओरडून सांगितलं, "खरी आहे रे!" बाईंनी त्याचीही खूण केली.

सांगायला हे सगळं गमतीचं. पण त्या खुर्चीपायी बाईंची कंबर पार कामातून गेली होती. उठताना गुडघे असे कडाकडा वाजायचे, की पोरं दाराकडे बघायची, कोण आलं म्हणून.

घरी यजमान, निवृत्त बस कंडक्टर. ते रोज म्हणायचे, "अगं, शेवटचा थांबा आला. आता तरी उतर."

"उतरते हो. गाडी तर थांबू द्या."

आणि गाडी खरंच थांबली. अभ्यास संपला, अहवाल सरकारी समितीकडे गेला. बाईंनी पिशवी खुंटीला टांगली ती कायमचीच, असं दोघंही धरून चालले होते. तेवढ्यात मॅडमचा निरोप आला.

मॅडम म्हणजे अभ्यासाच्या प्रमुख. वयानं धाकट्या, थकव्यानं बरोबरीच्या. बालवाड्यांच्या नव्या धोरणाचा मसुदा आला होता. वर्गात मुलं कमी असावीत, शिक्षिकेला मुलांशी बोलण्याचं शिक्षण द्यावं, असं सगळं त्यात होतं.

"म्हणजे ऐकलं की आपलं!" बाई म्हणाल्या.

"पुढचं पान वाचा."

पुढच्या पानावर लिहिलं होतं, की मदतनिसाचं पद बंद करावं. मुलांच्या बोलण्यात मदतनिसाचा वाटा अभ्यासात दिसून आला नाही.

बाईंच्या डोळ्यांपुढे नळावरची मावशी उभी राहिली. शेवटच्या बालवाडीतली ती मदतनीस. खाण्याच्या आधी पोरांची रांग तिच्याकडे हात धुवायला जायची, आणि नेमका तोच बाईंचा विसावा. सलग खुणा करून हात चुकायला लागतो, म्हणून तेवढा वेळ पेन्सिल खाली ठेवायची, असा नियम होता. बाई नळाशेजारच्या पायरीवर पाठ करून बसायच्या, डबा उघडायच्या, गुडघे चोळायच्या. पाठीमागे चालू असायचं,

"मावशी, आमच्या बाबांनी मिशी काढली."

"अरे देवा! आता ओळखायचं कसं?"

"खोकल्यावरून."

"आणि खोकला बरा झाला तर?"

बराच वेळ नुसतं पाणी वाहायचं. मग, "आई सांगेल की!"

बाई डब्यात तोंड खुपसून हसायच्या. विसाव्यात हसायची मुभा होती. खूण मात्र एकही झाली नव्हती.

"मॅडम, मावशी बोलते," बाई म्हणाल्या. "भरपूर बोलते. आपलीच पेन्सिल तेव्हा खाली असते."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "विसाव्याची वेळ मीच ठरवली होती."

"आणि मी ती आवडीनं पाळली."

मॅडमनी चष्मा परत चढवला. मग म्हणाल्या, "आठवणीवर समिती भरवसा ठेवायची नाही. नव्यानं बघून लिहून दिलं, तर तेवढं कलम थांबेल कदाचित. पण बसणार कोण? नवा माणूस गेला की पोरं त्यालाच बघत बसतात. तुमची त्यांना सवय आहे."

बाईंच्या आधी त्यांच्या गुडघ्यांनीच कुरकुर केली.

"म्हणजे डेपोत लागलेली गाडी परत काढलीस?" घरी यजमान म्हणाले.

"एक बाई थांब्यावरच राहिली हो."

यजमान उठले आणि गुडघे शेकायची पिशवी गरम करायला गेले.

बाईंनी त्याच बालवाडीत जाऊन खुर्ची नळासमोर मांडली. का बसलो आहोत, हे मावशीला सरळ सांगून टाकलं. झालं! मावशीच्या तोंडाला कुलूप. "हात पुढे कर. चोळ. पुढचा." जणू नळावर नाही, कचेरीच्या खिडकीवरच उभी होती. पोरंही निमूट धुवायची आणि पळायची.

"मावशी, रोजच्यासारखं बोला की."

"माझी नोकरी ठरवायला बसलात, आणि वर म्हणे रोजच्यासारखं! डॉक्टर जीभ बघतात तशा बघताय तुम्ही. सुचायचं कसं माणसाला?"

दिवस कोरे जायला लागले. कागद असेच कोरे राहिले, तर समितीचंच खरं ठरणार होतं, आणि तेही बाईंच्या हातून, दुसऱ्यांदा. एका सकाळी त्यांना त्या खुर्चीकडे बघवेना. कंबर नको म्हणाली. त्या सवयीनं जुन्या पायरीवर गेल्या, नळाकडे पाठ केली, कागद मांडीवर घेतला.

"मावशी, मी ऐकून खुणा करणार आहे. नंतर म्हणाल सांगितलं नाही."

"करा की. पाठीला कोण घाबरतंय!"

तरी आधी नुसतं पाणीच वाहिलं. बाई एका हातानं गुडघा चोळत राहिल्या. गुडघा वाजला.

"मावशी, गप्पबाईंच्या गुडघ्यात कोण आहे?"

"का रे?"

"दार वाजवतंय."

"मग त्या उघडत का नाहीत?"

"चावी हरवली असेल."

"अगं बाई! कुठं हरवली असेल?"

"त्यांच्या डब्यात बघू या?"

बाईंना हसू आवरेना. पण आता हा विसावा नव्हता, हसायची मुभा गेली होती. त्यांनी ओठ दातांत धरला, आणि दुखऱ्या मांडीवरच्या कागदावर पेन्सिल चालू लागली. पोर बोललं, मावशी बोलली. पोर बोललं, मावशी बोलली.