हजेरीतलं ‘हाय’

सुट्टीतलं चांगलं शिबिर म्हणजे भरपूर रंग आणि कागद, असं मला वाटायचं. शिरूरच्या शिबिरात मी पहिल्यांदाच शिकवायला गेले होते. हजेरीत नाव घेताच वरवंडहून मामाकडे आलेली सहा वर्षांची मुलगी ओरडली, “हाय!” आमचे आबाही ‘आहे’ला ‘हाय’च म्हणत, त्यामुळे ती हजर आहे म्हणतेय हे मला नीट कळलं होतं. तरी मी म्हणाले, “हॅलो, मॅडम!” इंग्रजी शाळेतली मुलं खदखदून हसली. एरवी चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून सगळ्यांना हसवल्याचं मला बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं नुसता हात वर केला.

“अगं, हाय म्हण ना,” मी म्हणाले.

तिनं शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहिलं आणि पुटपुटली, “प्रेझेंट.”

शिबिर संपेपर्यंत ती माझ्याशी तेवढंच बोलली.