गुणी गाडी

शर्यतीची गाडी वळणाजवळ आली, वेग कमी झाला आणि तिच्या मागच्या नळीतून फटाके फुटावेत तसे ठो ठो बार उडाले. पाठोपाठ एक निळसर ज्वाळ. मी कानांवर हात ठेवले. आत माझी भाची सई होती आणि गाडी बिघडली, असंच मला वाटलं.

"बिघाड नाही गं, आत्या," सराव संपल्यावर हेल्मेट काढत सई म्हणाली. "वेगात असताना एकदम अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, की आत थोडं पेट्रोल जळायचं राहून जातं. मग ते बाहेर जाताना तापलेल्या नळीत पेटतं."

हेवा खरं तर सईचा वाटायला हवा होता. थोडा वाटलाही. पण जास्त वाटला त्या गाडीचा. हिला जरा हळू हो म्हटलं, की ही बया अख्ख्या मैदानाला ऐकवते, माझ्यात अजून बाकी आहे! माझं लग्न ठरलं तेव्हा मी कबड्डी सोडली. गुडघ्याचे पट्टे धुतले, वाळवले आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवले. "किती समजूतदार पोर," सगळे म्हणाले. माझ्यातलं राहिलेलं कुठे गेलं, कुणी विचारलं नाही.

परतताना सईचा बाबा, म्हणजे माझा दादा, गाडी चालवत होता. गतिरोधकाशी आमचा वेग अलगद उतरला. "बघ," तो कौतुकानं म्हणाला, "आपली गाडी कशी गुणी. हूं नाही की चूं नाही."

 मी घरापाशी उतरले आणि गाडीचं दार असं आपटलं, की समोरच्या गॅलरीतली माणसं वाकून बघायला लागली.