भांडण न्हवं

मोबाईल हरवल्याची तक्रार द्यायला मी पोलीस ठाण्यात बसलो होतो. शेजारी बांगड्या विकणाऱ्या एक बाई होत्या. मनगटाला पट्टी होती, तरी पदरात अडकलेली काच त्या वेचून मुठीत धरत होत्या. त्यांनी हवालदाराला सगळं सांगितलं: सकाळी बाजारात काही पोरांनी त्यांचं नाव विचारलं. ते मुसलमानाचं निघताच पोरांनी बांगड्यांचा गाडा पालथा केला आणि पुन्हा इथं दिसायचं नाही, असा दम दिला.

हवालदारानं तक्रार वाचून दाखवली, "गिऱ्हाइकांशी किरकोळ भांडण."

"भांडायला दोगं लागत्यात, सायेब. मी निस्तं नाव सांगितलं. त्येच लिवा."

"नुकसान लिहिलंय की! नाव कशाला मधे आणता?"

माझं डोकं भडकलं. "नावावरूनच गाडा पाडलाय, तर तेच कसं गाळता?" मी ओरडलो. हवालदारानं मलाच बाहेर काढलं.

पाठोपाठ सही न करताच बाई आल्या. "सांगलीला मोठ्या सायबाकडं जाते. तुमी ऐकलंय न्हवं? मग चला की."

एसटीत वाटभर त्या पुटपुटत होत्या, "आदी नाव इचारलं, मग गाडा पाडला."

मी पाहिलं तशा म्हणाल्या, "सांगताना मागंपुढं झालं, तर त्ये बी भांडणच लिवतील."