फरशीवरचं चिनी

अमरावतीचा वैशाख, कूलरच्या वाळ्याचा ओला मातकट गंध घरभर पसरलेला, आणि बाबा काळ्या फरशीवर मांडी घालून तांब्यात ब्रश बुडवत पाण्याने चार चिनी अक्षरं काढत आहेत… चौथं पुरं होईपर्यंत पहिलं वाळून गेलेलं असे! मी समोर वही-पेन्सिल घेऊन. पहिल्या अक्षराची निम्मी अंगकाठी वहीत, उरलेली हवेत. "कागदावर काढा ना, बाबा," म्हटलं की म्हणत, "डोयानं पाह्यलं का ध्यानात राह्यते. कागदावर ठेवलं का इसरते मानूस." डोंबल ध्यानात राहतंय!

बाबा मूळचे नांदगाव खंडेश्वरकडचे, लष्करात चिनी भाषेचे दुभाषी. निवृत्त होऊन अमरावतीला आले ते ती भाषा घेऊनच, आणि ती बोलायला अख्ख्या शहरात त्यांना कोणी नव्हतं. म्हणून मी – वय वर्षं अकरा.

रोज एक म्हण. तीही साधीसुधी नव्हे, चार अक्षरांत अख्खी गोष्ट कोंबलेली. 'राखण, खुंट, थांब, ससा.' झाली म्हण! आता सांगा अर्थ. तर म्हणे एक शेतकरी असतो, धावता ससा त्याच्या शेतातल्या खुंटावर आपटून मरतो, आणि तो शहाणा काम टाकून दुसऱ्या सशाची वाट पाहत तिथेच बसतो. "पण याच्यात शेतकरी कुठी हाय?" मी चिडून विचारायची. "थो समजून घ्याचा असते." सगळंच समजून घ्यायचं, तर अक्षरं तरी कशाला काढायची? त्यात ते स्वर – आवाज जरा वर चढला की अर्थ भलताच. रडू यायचं, खरंच रडू यायचं.

तिकडे मोर्शीला मामाच्या संत्र्याच्या बागेत मामेभावंडं विहिरीत डुंबत असणार, गवतातल्या आंब्यांच्या अढीचा तो गोड, उबदार, डोक्यात भिनणारा वास… आणि बाबांची अट ही, की पंधरा म्हणी अर्थासकट आल्या तरच मोर्शी. माझं घोडं सातवर अडलेलं.

आठवी म्हण होती – गायीपुढे वीणा वाजवणे. मी ओरडलेच, "गाढवापुढे वाचली गीता! आली बाबा, आली!"

बाबांनी मान हलवली. "नाही, बाई. आपल्या म्हणीत चूक गाढवाची. त्यायच्यात वाजवनाऱ्याचीबी असते… समोर कोन हाय, हे त्यानं पाह्यलं नाही."

एवढंसं अंतर, आणि त्यापायी माझी मोर्शी पुन्हा लांबली! मी वही भिरकावून दिली. "मले नाही शिकाचं! अख्ख्या अमरावतीत हे बोलू कोनासंग?"

"माह्यासंग बोल ना," बाबा म्हणाले.

"तुमच्यासंग बोलाले वऱ्हाडी हाय ना!"

ते जरासे हसले. फरशी पार कोरडी होईपर्यंत तिच्याकडे पाहत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच मला मोर्शीच्या एसटीत बसवून आले. म्हणींचं नाव पुन्हा कधी काढलं नाही, आणि मी सुटले म्हणून महिनाभर नुसती उड्या मारत होते.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आता चाळिशीत मी चिनी शिकते आहे, फोनवर. तो म्हण दाखवतो, अर्थाचे चार पर्याय देतो, चुकलं की लाल होतो. रोज चुकते आणि रोज स्वतःवर जळफळते. जो अर्थ कधी बरोबर येतो, त्यातला बारकावा विचारायला माणूस नाही. कोणाला विचारू? माझ्याच हाताने घालवला तो माणूस.

परवा आई भाजी निवडत बसली होती, तिला विचारलं – त्यानंतर बाबा कधी चिनी बोलले का?

"बोलत ना," आई म्हणाली. "रोज आंघोळीच्या वक्ती. मले वाटे, स्तोत्र म्हनून राह्यले. मंग एक दिवस दाराशी कान देऊन आयकलं… विचारतबी थेच, आन् जवाबबी थेच देत."