साडूच्या भिंतीतला कॉक

साडूच्या तोंडात एक शब्द कायम घोळत असे: कनेक्शन. गॅसचं कनेक्शन दोन दिवसांत मिळालं, कारण गॅसवाल्याकडे कनेक्शन. पोरीला कॉलेजात जागा मिळाली, तेही कनेक्शन. "आपलं वरपर्यंत कनेक्शन आहे," म्हणताना त्याच्या भुवया थेट छताला टेकायच्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंना बिचाऱ्यांना उगाच वाटायचं, आपल्याबद्दलच काहीतरी चाललंय.

वायसरच्या लेखी या शब्दाचा अर्थ एकच. दोन पाइप जोडायचे आणि ते गळता कामा नयेत. तीस वर्षं नळकाम केलेला माणूस. खिशात सदा रबरी वायसर, म्हणून नावही तेच पडलं. त्याची बायको थोरली बहीण आणि साडूची धाकटी. घरचंच काम म्हणून साडूच्या नव्या फ्लॅटचे सगळे पाइप त्यानं जीव ओतून घातले.

शेवटच्या दिवशी तो सिंकखाली आडवा असताना साडू वरच्या ओळखीतल्या एका साहेबांना घर दाखवायला घेऊन आला. फरशीवरचे दोन पाय बघून साहेबांनी विचारलं, हे कोण?

"नळवाला आहे. बरा आहे कामाला."

दारात उभ्या मेहुणीचा चेहरा पडला. वायसर सिंकखालून बाहेर आलाच नाही. साहेब जाईपर्यंत तो एकच नट घट्ट करत राहिला.

आता नळकामातली एक रीत सांगायला हवी. बाथरूमचं पाणी बंद करायचा कॉक भिंतीत लपवला, की त्यावरची टाइल नुसती चार ठिपक्यांवर चिकटवतात, म्हणजे वेळेला ती अलगद निघते. त्या संध्याकाळी वायसरनं ती टाइल पाठभर सिमेंट लावून बसवली. आजूबाजूच्या टाइल्समध्ये ती अशी मिसळली, की नजर लावून बघितली तरी कळेना.

वर्षभर तो वाट बघत राहिला. साडूचं नाव निघालं की बायकोला म्हणे, माझी काही तक्रार नाही. बायको ओळखून होती. तक्रार नसली की हा माणूस मिशीत हसत नसे.

एका रविवारी तेच साहेब साडूकडे जेवायला आले आणि गिझरचा पाइप फुटला. भिंतीतला कॉक सापडेना, टाकीचा गच्चीवर; गच्चीची किल्ली वॉचमनकडे, वॉचमन गावी. साडूनं सगळी कनेक्शनं फिरवून पाहिली. एकानं मुख्य अभियंत्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं धीर. अखेर मेहुणीनं फोन केला, "भाऊजी, या हो."

वायसर आला तेव्हा साहेब पॅन्ट दुमडून सोफ्यावर पाय घेऊन बसले होते. त्यांनी पुन्हा विचारलं, हे कोण?

वायसरनं हातोडी खाली ठेवली आणि साडूकडे बघितलं. पाणी गालिच्यापर्यंत पोचलं होतं.

"हे… माझे साडू."

"मोठे," वायसर म्हणाला.

"मोठे साडू. सख्खे."

मग कुठे त्यानं हातोडी उचलली. तिसऱ्या ओळीतली पाचवी टाइल, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्यानं पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मधलीच एखादी टाइल कान लावून ठोकून बघे, मान हलवी आणि फोडे. चौथीला मेहुणीशी नजरानजर झाली. ती तोंड फिरवून, हसू दाबत खांदे हलवू लागली.

आठवी फोडली, ती तिसऱ्या ओळीतली पाचवी; मागे कॉक सापडला.

नवी टाइल बसवताना साडूनं हळूच विनवलं, की आता निदान कॉकवरची तरी सैल ठेवा. वायसर तिच्या पाठीवर सिमेंट फासत होता, काठापर्यंत.

"कशाला? मी आहे ना," तो म्हणाला. "सख्खा."